पोपटाचा डोळा

भांडुप,
१२ जानेवारी २०२५, रविवार

ती. वसुधाआत्यास,
चंद्रप्रकाशचा साष्टांग नमस्कार.

देवीच्या कृपेने इकडे सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या केयूरने पाठवलेलं निमंत्रण मिळालं. जुन्या काळच्या मुलींनी केलेल्या भरतकामाच्या नमुन्यांचं प्रदर्शन, तेही पार्ल्यात, म्हणजे गर्दी होणारच. येत्या रविवारी उद्घाटन तुझ्या हातून आहे हे वाचून बरं वाटलं. का, ते पुढे लिहितो. फोन केला असता तर तू मध्येच ठेवला असतास.

कुंदाआत्या माझ्याकडेच असते. मोतीबिंदू काढल्यापासून तिला स्पष्ट दिसतं. तुझ्या नमुन्याचा केयूरने पाठवलेला फोटो मी तिला मोबाइलवर मोठा करून दाखवला. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याची तुळस, दोन बाजूंना दोन पोपट, खाली वेल. तिने बोटाने फोटो उजवीकडे सरकवला. मग म्हणाली, "चंदू, उजव्या पोपटाचो डोळो बघ रे. भरल्यान काय तिना?"

"नाय गे आत्ये. रिकामोच आसा."

"मगे अजून माझोच आसा तो," म्हणाली आणि चक्क हसली.

तू मुंबईत वाढलीस, म्हणून तुला सांगायला हवं. आपल्या वाडीत मुलगी नमुना भरताना शेवटचा डोळा मोकळा ठेवायची. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला तो सासरी भरायचा, आणि ज्या हाताने बाकीचं भरलं त्याच हाताने. दुसऱ्या कुणी तिथे सुई लावायची नाही. फोटोत दिसणाऱ्या केयूरच्या पाटीवर तुझ्या नावाखाली लिहिलंय, 'एका पोपटाचा डोळा कसरीने खाल्लेला.' तूच सांगितलं असशील. कसर लागली की भोक पडतं, आत्या. तिथलं कापड धड आहे.

तुला बघायला पाहुणे यायचे होते आणि त्यांना भरतकाम बघायचं होतं. तुझ्या वडिलांनी कुंदाआत्याचा नमुना एका दिवसापुरता मागून नेला. तो तुझ्या रुखवतात गेला, परत आलाच नाही. पुढच्या मे महिन्यात कुंदाआत्याला बघायला आले तेव्हा तू माहेरच्या माणसांबरोबर गावी आली होतीस. तिने सांगितलं, माझा नमुना वसुधाकडे आहे. पाहुण्यांनी तुला ओटीवर बोलावून विचारलं. तू म्हणालीस, "छे, तो माझाच आहे. ही काहीही बोलते."

चहा न घेता उठले ते. खोटं बोलणारी पोरगी, हे तालुकाभर झालं. माझे आजोबा थोरल्या भावापुढे, तुझ्या वडिलांपुढे, तोंड उघडू शकले नाहीत. त्यानंतर तिला बघायला कुणी आलं नाही. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, म्हणून हे मला माहीत. ती स्वतःहून कधी बोलली नाही, मीच खोदून काढलं.

मी कुठलीही गोष्ट देवीला विचारल्याशिवाय करत नाही. या वेळी कौल घेतलेला नाही. ती 'सोडून दे' म्हणाली असती तर मला सोडावं लागलं असतं.

रविवारी आम्ही दोघं येतोय. कुंदाआत्याला वाटतंय, फक्त आपला नमुना बघायला जायचंय. तू फीत कापलीस की मी सगळ्यांसमोर ही डोळ्याची रीत सांगेन आणि तुझ्या हातात सुई देईन. नमुना तुझा असेल तर डोळा भर. केयूर काच उघडून देईल, आईच्या कौतुकाचा प्रसंग आहे. नसेल तर सुई शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातात दे आणि ती कोण आहे ते मोठ्याने सांग. तिसरं काही मी होऊ देणार नाही.

आजारी पडू नकोस. पडलीस तर नमुना घेऊन घरी येईन, तुझ्या सुनेसमोर विचारेन.

हे आधी कळवायचं कारण एवढंच, की हा आठवडा तुलाही जड जावा. तिला साठ वर्षं जड गेली.

गुडघ्याला जप. लाल दोरा ओवून आणतो.

कुंदाचा,
चंद्रप्रकाश