चारच्या पटीत

रत्नागिरी, श्रावण १९८८

प्रिय कमळे,

ख्यालीखुशाली मागाहून विचारते, रागावू नकोस. जिवाला घोर लागलाय. ट्रंक कॉल लावून थकले, पावसाने फोनची लाइन बंद आहे आणि एवढं सगळं तारेत मावायचं नाही. म्हणून हे दुपारच्या मुंबई गाडीच्या ड्रायव्हरकडे देतेय. परळ डेपोतला तुझा बाबूदादा उद्या आणून देईल.

आठवतं, पुण्याच्या होस्टेलात तू माझी ट्रंक भरायचीस आणि दर साडीपाशी जागा मोकळी सोडायचीस? मी चिडून सगळं दाबून बसवायचे. तुझा कंपायलर तुझ्याच वळणावर गेलाय बघ. प्रोग्राम तयार करताना कुठली किंमत मेमरीत कुठे आहे, ही डिबग माहिती तो फाइलमध्ये लिहितो. तुमच्या मोठ्या मशीनला प्रत्येक आकडा चारच्या पटीतल्या जागीच लागतो, म्हणून मध्ये रिकामे बाइट सोडतो. ती माहिती वाचणारा प्रोग्राम माझा. माझ्या पीसीला असली नाटकं लागत नाहीत, मी आपली बाइटला बाइट लावून वाचत गेले. तुझ्या रिकाम्या जागाही मी पत्ता म्हणून वाचल्या गं!

शिवा मशीन चालवतो त्या बर्फ कारखान्यात पावसाळी दुरुस्ती संपली. तिथल्या मशीनचा प्रोग्राम तुझ्याच कंपायलरने केलेला. काल मशीनला पीसी जोडून अमोनियाच्या दाबाची मर्यादा पाहिली, तर आकडा भलताच. मी बरोबर आकडा टाइप केला, पडद्यावर तो दिसू लागला. शिवाने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आज फाइल कागदावर छापून पाहिली, तेव्हा घोटाळा कळला. वाचला चुकीच्या जागेवरून, लिहिलाही तिथेच, मग दिसणारच की! दाब वाढला की कॉम्प्रेसरचं मशीन बंद करणारी किंमतच मी पुसली असेल तर? ती बॅटरीवर जपलेली असते, वीज घालवूनही पूर्ववत होत नाही. मागे याच कारखान्यात गॅस सुटला तेव्हा तिथे कामाला असलेल्या दादूकाकांचे डोळे गेले. अजून ते भिंत चाचपत चालतात.

मालकांना सांगितलं. पडद्यावर बरोबर दिसतंय ना, म्हणाले. नारळी पौर्णिमेला होड्या सुटणार, बर्फ हवाच. शिवाला सांगितलं, तर हसला. "तू बघितलंस ना गो, मग झालं," म्हणाला. मशीन चालू तोच करणार. त्याच्या या विश्वासाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

एवढंच विचारायला लिहितेय. चारच्या पटी तू फाइलच्या सुरुवातीपासून मोजतेस, की डिबग माहितीच्या भागाच्या सुरुवातीपासून? दोन्ही तऱ्हांनी वाचलं, दोन वेगळे पत्ते निघतात आणि दोन्ही खरे वाटतात. पुन्हा भलत्या जागी लिहायचं धाडस होत नाही. एका शब्दाची तार कर, 'फाइल' किंवा 'भाग'. पौर्णिमेआधी आली तर सगळं निस्तरेन. नाही आली, तर शिवाला नारळ देऊन जेटीवर पाठवणार आणि कॉम्प्रेसरचं बटण मी दाबणार. त्याला हे ठाऊक नाही. आमची चिमा मघाशीच विचारून गेली, कमळामावशी कधी येणार म्हणून. माझं काही बरंवाईट झालं, तर तुला ती परकी मानणार नाही, कमळे.

तुझीच, भ्यायलेली
विमला