डाय करणारा पाहिजे

॥ श्री ॥

मु. पोलादपूर, भाद्रपद वद्य ९

तीर्थरूप रावजीमामांच्या चरणी मुरारीचा शिरसाष्टांग नमस्कार. वर ‘श्री’ घातला आहे तो आधी पाहून घ्यावा, म्हणजे आमच्याकडे नवीन कुणी गेलेले नाही हे कळेल. आम्ही सर्व बरे आहोत. मी तर विशेष बरा आहे, आणि तेच कळवण्यासाठी हे पत्र. मामींचे गुडघे कसे आहेत? (त्यांना एकदा सव गावच्या ऊन पाण्याच्या कुंडात नेऊन बसवायचे, असे दादा म्हणत असे. ते राहून गेले.)

आपले कार्ड काल मिळाले. ‘मुरारी, वेडेवाकडे काही करू नकोस, रजा मिळताच निघतो,’ असे आपण लिहिता. कार्ड उघडे असल्यामुळे पोस्टमनने ते आधीच वाचले होते, आणि देताना त्याने बराच वेळ माझा हात सोडला नाही. तरी कृपा करून आपण निघू नये. कापडे गावच्या पांडूने मुंबईस परतल्यावर आपल्याला जे सांगितले ते सर्व खरे आहे, पण तसे नाही. पहिल्यापासून लिहितो.

आषाढात दादा तापाने गेला, त्याच्या थोडे आधी त्याने महाडच्या मोटार सर्व्हिसच्या मालकाचे काम घेतले होते. कंडक्टर गळ्यात अडकवतात त्या चामड्याच्या पिशव्या करायच्या. पावसात बंद असलेल्या गाड्या दसऱ्याला सुरू होतात, तोवर पिशव्या द्यायच्या. नाही दिल्या तर मालक पुण्याहून आणणार, आणि मग पुढचे कामही पुण्यालाच जाणार. तसे झाले तर वहिनी दुकान बंद करून उमरठला माहेरी जातील अशी मला धास्ती होती. त्या तसे काही बोलल्या नव्हत्या, पण माळ्यावरची ट्रंक त्यांनी खाली काढून ठेवली होती. (आम्ही दोघे एका घरात राहतो, पण बोलायचे काम दादाकडे असे. तो गेल्यापासून मीठ संपले तर वहिनी रिकामी बरणी माझ्यापुढे ठेवतात आणि मी मीठ आणतो.)

आपल्याला ठाऊकच आहे की दादा रापीने कापायचा आणि मी शिवायचो. त्याने कापलेले तुकडे एकावर एक ठेवले तर एकाचीही कडा बाहेर येत नसे. मी कापलेली झाकणे सावत्र भावंडांसारखी दिसतात. मालकांना पहिली पिशवी दाखवली. त्यांनी झाकण दोनदा उघडून मिटले आणि ‘दसरा’ एवढा एकच शब्द बोलून पिशवी परत दिली. तेव्हा मला मुंबईस आपल्या कारखान्यात पाहिलेली वस्तू आठवली. पोलादी पट्टी वाकवून केलेला आकार आणि खाली धार. चामड्यावर ठेवून वरून दाब दिला की तुकडा सुटतो, आणि शंभरावाही पहिल्यासारखाच. आपण तिला डाय म्हणता, म्हणून मीही म्हणालो. इथून सगळे सुरू झाले.

गणपतीच्या दिवसांत मी महाडला रामा लोहाराच्या भट्टीवर गेलो आणि ‘डाय करणारा कुणी पाहिजे’ असे म्हणालो. तिथे पांडू बसला होता. (त्याचे इंग्रजी गोदीत शिकलेले आहे, पण पोलादपूर तालुक्यात ते चालते.) त्याने माझ्या डोक्यावरच्या अर्धवट उगवलेल्या केसांकडे पाहिले आणि हळूच विचारले, “कुनासाठी रं?”

मी म्हणालो, “माझ्यासाठीच. आधी स्वतः करून पाहिलं, नीट जमलं नाही.”

“घाई हाय?”

“दसऱ्याच्या आत झालं पाहिजे. दादा असता तर ही पाळी आली नसती.”

मामा, यातला एक शब्द खोटा नव्हता. पांडूने मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी रामाला झाकणाचा पुठ्ठा दिला, अशा आकाराचे कर आणि खाली चांगली धार लाव असे सांगितले आणि मालकांकडे मुदत मागायला गेलो. (मिळाली नाही.) मी गेल्यावर पांडूने रामाला डाय म्हणजे मरण हे समजावून सांगितले, आणि कापड्याला जाता जाता वाटेत आमच्या घरीही सांगितले.

मी घरी आलो तर रापी नव्हती. चामडे टोचायची आरी नव्हती. विहिरीचा दोरही नव्हता. रापी कुठे आहे विचारले तर वहिनी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “सापडत नाय.” मी पुढे विचारले नाही. हत्यारे विकायला काढली, असे मी समजलो. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या ठकूबाई सूप घेऊन आमच्या दारात येऊन बसू लागल्या. चामडे भिजवायला नदीवर निघालो की, “बस रे मुरारी, पानी काय पलून जातंय?” म्हणून मला अडवत. परसात गेलो तरी बाहेरून हाका मारत आणि ओ देईपर्यंत थांबत नसत. दसरा जवळ येत होता, चामडे कोपऱ्यात पडून होते, आणि घरात सुपारी फोडायचा अडकित्तासुद्धा राहिला नव्हता.

शेवटी ठकूबाई जेवायला गेल्या तेव्हा निसटून महाड गाठले. रामाने काम पुरे केले होते. मला दिसेल असे समोर ठेवले होते, पण त्यावर पाय देऊन तो बसला होता.

“केलाय. पन देनार नाय.”

“का?”

“धारेची वस्तू हाय. तुज्या वहिनीला घेऊन ये, तिच्या हातात देतो.”

वहिनींनी काम रद्द करायला निरोप धाडला असे मला वाटले. महाड ते पोलादपूर मी रागात चालत आलो. (राग मला फारसा येत नाही, त्यामुळे तो कसा आवरायचा हे ठाऊक नव्हते.) दारातूनच म्हणालो, दुकान मोडायचे असेल तर तोंडाने सांगा, दादाची हत्यारे चोरून विकू नका.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. “इकायला नाय काढली, भावजी! तुमी मरायला निघालात म्हनून लपवली!”

“मी कशाला मरू?”

“मंग त्या पांडूजवळ डाय कशाला मागितलं?”

लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडतात, तसे चामड्याचे तुकडे पाडायची वस्तू, असे मी सांगितले. वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “मेलं तुमचं ते डाय! साचा म्हना की!” आणि ट्रंक उघडली. आत एकही लुगडे नव्हते. रापी, आरी, दोर, अडकित्ता, आणि दादाचा वस्तरासुद्धा होता. नंतर त्या पदर तोंडाशी धरून बराच वेळ बसल्या. हसत होत्या की रडत होत्या ते मी विचारले नाही. ठकूबाईंनी मात्र विचारले, आणि दोन्ही म्हणून सांगितले गेले.

वहिनींना रामाकडे नेऊन साचा आणला आहे. झाकण रेघेसारखे सरळ सुटते. तेव्हा काळजीचे कारण नाही. रजा वाया घालवून आपण बोटीने दासगावपर्यंत आणि पुढे इतका लांब प्रवास करू नये. पांडू भेटल्यास मी जिवंत असल्याचे त्याला दाखवण्यापुरते हे पत्र दाखवावे. मामींस नमस्कार. मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञांकित,
मुरारी

ता. क. पितळी बकले इकडे मिळत नाहीत. कुणी येणारा असल्यास त्याच्याबरोबर पाठवावीत.

ता. क. दुसरा. आपल्या कारखान्यात दाब यंत्राने देतात हे मी विसरलो होतो. इथे एकाने साचा दोन्ही हातांनी धरायचा आणि दुसऱ्याने घण घालायचा. सध्या वहिनी धरतात. मी घण उचलला की त्या डोळे मिटतात, आणि त्यांनी डोळे मिटले की माझ्याने घाव घालवत नाही. काल सबंध दुपारी तीन झाकणे झाली. अशाने दसरा हातचा जाईल. दादाच्या जागी कुणी बसलेले मला बघवणार नाही असे वाटत होते, पण ती जागा रिकामी त्याहून बघवत नाही. रजा मिळाली असल्यास लगेच निघावे. आपले हात जाड आहेत आणि आपण डोळे मिटणार नाही. घण मी जपून घालीन.