आतली खोली

अम्मी,

वर राहणाऱ्या मुलीविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून ती क्लाससाठी लातुरात आलीय आणि झोप उडवायला दोरीवरच्या उड्या मारते. त्या उड्यांनी माझा मनोरा कोसळतो. भूकंपानंतर तू लावायचीस तोच: पालथ्या तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन हलली की भांडी वाजणार आणि आपण बाहेर पळणार. या आठवड्यात मी तीनदा गाऊनवर चार जिने उतरले. तिसऱ्यांदा वॉचमन म्हणाला, "म्याडम, आलाच हाव तर वर जाताना दूध घेऊन जावा."

आज रात्री मात्र कुणी उड्या मारत नव्हतं. भांडी पडली तेव्हा पंखाही हलत होता. गल्लीभर पोरं रस्त्यावर, हातात नोट्स. अर्ध्या तासाने सगळी वर गेली आणि ही माझ्या दारात उभी. "काकू, पार्टनर गावाकडं गेलीय. लई भ्या वाटायलंय. इथं जरा टेकू का?"

माझ्या तोंडून 'ये' निघेना. कुणाला आपल्या छताखाली ठेवायचं नाही, छताचा भरवसा कोण देणार, हे तुझंच शिकवणं.

मनेरीण म्हणून डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन तू किल्लारीकडच्या गावांत फिरायचीस, सुट्टीत मी तुझ्यामागे. मुक्काम ठरलेल्या शेतकरणीकडे. ती आपल्याला आतली खोली देते, दगडी भिंतींची, वर हातभर मातीचं माळवद. स्वतः वट्यावर वाकळ टाकते. तू संकोचलीस की म्हणते, "पाहुणी बाहेर निजली तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल." रात्रभर माझ्या डोळ्यांत माती गळते. ते माळवद छातीवर बसल्यासारखं वाटतं.

भूकंपाच्या आदल्या सांजेला तिने तुझा हात सोडला नाही. "ऱ्हा की गं मनेरणी, पोरीसाठी पिठलं टाकलंय." मी पोट धरून रडायला लागले. आपण शेवटच्या जीपने घरी आलो. घरात पाहुणी नाही म्हणून त्या रात्री ती आतच निजली.

चार दिवसांनी तू तिच्या गावी गेलीस आणि पाटी न उघडता परतलीस. "मी राहिले असते तर ती वट्यावर असती," एवढंच म्हणालीस. आपण दोघी कुठे असतो, ते कधी बोलली नाहीस. त्यानंतर ना तू कुणाकडे राहिलीस, ना कुणाला ठेवलंस.

मुलगी अजून उंबऱ्यापाशीच होती. म्हटलं, "ये. जेवलीस का?" पिठलं-भाकरी खाऊ घातली. तिची गादी दाराशी टाकली, दार सताड उघडं, जिना दोन पावलांवर. मनोरा तिच्या उशाशी रचला.

"आन् तुम्ही, काकू?"

"मी आत."

"आत भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की. पण पाहुणी तू आहेस."

म्हणून हे आतल्या खोलीत लिहितेय, नजर छतावर ठेवून. अक्षर वेडंवाकडं आलंय, वाचणार कोण म्हणा. तुझ्या पाटीत ठेवून देईन. त्या सांजेला माझं पोट दुखत नव्हतं, अम्मी. बाहेर ती गाढ झोपलीय. ती उठेपर्यंत मी इथेच पडून राहते.