कुलूप, वैताग आणि उबग

चि. चिमणीस,

तुला एक आजी आहे, हे विसरली असशील म्हणून कळवते. अक्षर तुझ्या आईचं आहे. मी सांगते, ती लिहिते.

मागे दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मी शेजारी गप्पांत, मला पत्ताच नाही. तेव्हापासून तुझी आई कामावर जाताना बाहेरून कुलूप घालते. तू फोनवर म्हणालीस, "आजी, हल्ली फार चिडतेस." अगं, चीड कुणावर तरी येते, दोन शब्द सुनावले की उतरते. कंटाळा झोपेनं जातो. दार वाजतं आणि मला उघडता येत नाही, तो वैताग. काल शेजारीण बाहेर उभी, मी आत, अर्धा तास दाराशी गप्पा! आणि संध्याकाळी किल्ली फिरल्याचा आवाज ऐकून मी हरखते ना, त्या हरखण्याचा मला उबग आलाय.

इथे तुझ्या आईचा हात थांबला. मी म्हटलं, "लिही, तुझ्यावर नाही रागावले."

ती म्हणाली, "आई, पुन्हा तसं झालं तर?"

मी म्हटलं, "हेही लिही."

पत्र पेटीत टाकणारीही तीच, म्हणजे ते तुला मिळायचं नाही. पण जिनं ऐकायला हवं, तिनं अक्षर न् अक्षर लिहून काढलं.

तुझी,
घरातच असलेली आजी

ता. क. पत्र मिळालंच, तर भाजलेले दाणे पाठव. माझे कुटून, दात नाहीत. तुझ्या आईचे अख्खे, ती रोज उपाशीच पळते.