कुंभिवलीची एकशे वीस दारं

मी, योगेंद्र चांगो बडेकर, वय २६, राहणार दहिवली (वर्षातले चार महिने, बाकी पाय नेतील तिथे), शिक्षण दहावी, तीही दोन दमात, हे कर्जतच्या दवाखान्यातल्या खाटेवर बसून स्वहस्ते लिहितो. डोक्याला टाके आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. उद्या आत साकळलेलं रक्त काढणार. उठलो नाही तर पुढीलप्रमाणे करावे.

१. सॅक, तंबू, स्टोव्ह बहीण जागृतीला. स्टोव्हची पिन हरवली आहे. राजमाचीच्या उतरणीवर एक म्हातारी भेटली होती, तिच्या चुलीपाशी... असो.

२. वहीदेखील जागृतीला. माझा फोटो कोणाकडून कोणाकडे गेला त्याचा नकाशा तीत आहे. गोल म्हणजे माणूस, बाण म्हणजे फॉरवर्ड. तीन आठवडे फोन करकरून एकच विचारलं, "तुला कोणी पाठवला?"

जागृतीचं पोर माझ्या खांद्यावर, खाली "पोरं पळवणारा आला!" हा फोटो आमच्या क्रिकेटच्या व्हॉट्सॲप गटात गमतीने आला. अकरा जण, सगळे ओळखीचे. हसले, तिथेच संपलं असतं. पण चुलतभाऊ विपुलने तो कुंभिवलीच्या टेंपोवाल्यांच्या गटात टाकला. तिथे मला कोण ओळखतो? एकाने विचारलंही, "कोन हाय ह्यो?" विपुल गप्प. तिघांनी उचलला, मग दर माणशी तिघांना. तीन, नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी. बेरीज एकशे वीस. संध्याकाळी मी सॅक घेऊन तिथल्या स्टॉपवर उतरलो, आणि काठ्या पडल्या.

जागृतीने खुलासा चाळीस जणांना पाठवला. पुढे वीस, दहा, पाच, विझला. खोटं दर उडीला तिप्पट, खरं निम्मं. गणितात मी नापास, पण हे अंगावर उमटलंय.

विपुल मोसंबी घेऊन आला होता.

"अरं, मी नुसता पुढं ढकलला. समदेच ढकलतात."

"समदे नाय, विपल्या. दोनी गटांत तू एकटाच हायस. मोजलंय मी."

"गंमत व्हती रं."

३. माझ्या नावचे दहिवलीतले दोन गुंठे जागृतीला. विपुलने मागे भाड्याने द्यायला बंगला बांधलाय, त्याची एकुलती वाट यातून जाते. त्याच्या बोटावरून दोन गट जोडलेले, माझ्या दोन गुंठ्यांवरून त्याचा बंगला. जागृतीने तिथे फाटक लावून कुलूप घालावे. वहीतल्या एकशे वीस दारांशी विपुलने पायी जावे आणि तोंडाने सांगावे, "फोटो मी टाकला. तो माझा भाऊ, पोर त्याच्या बहिणीचं." फोनवरून चालणार नाही. शेवटच्या नावापुढे खूण झाली की कुलूप काढावे. एकशे एकोणिसाला नाही.

४. मोसंबी त्याला परत.

हे मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही. रागाखाली लिहिले आहे.

योगेंद्र चां. बडेकर
कर्जत, ११ डिसेंबर २०२४

साक्षीदार:
१. सुरभी नामा घारे, परिचारिका
२. विपुल सहदेव बडेकर

(दुसऱ्या साक्षीदारांना वाचून घ्या म्हटलं. "कशाला? सही कुठं करू ते सांगा," म्हणाले. — सु. घारे)