कुंकवाची रेघ

पेण,
शनिवार, कार्तिक वद्य एकादशी

चि. प्रविण यास,

ताईचे आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. खोडत नाही, पाठकोरा कागद एवढाच उरलाय.

फोन तू उचलत नाहीस, त्यात तुझं काही चुकत नाही. तुमच्या शेजारच्या काशीबाई उद्या रोह्याला परत निघाल्यात, त्यांच्याकडे हे पत्र देते. अक्षर वाकडं आलंय. न्हाणीत पाय घसरला, डाव्या हाताने कागद दाबता येत नाही.

तुझं प्लास्टर सुटलं का? माझी भावजय दिपिका तुला घास भरवते, असं काशीबाई म्हणाल्या. हातात पाना धरता येईल का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. निकेशचा पाय गुडघ्याखाली कापला. दीर असला तरी मीच त्याला लहानाचा मोठा केलाय. खाटेवर पडल्या पडल्या तो नसलेली बोटं खाजवायला हात खाली नेतो.

वडखळपर्यंत सगळे हेच बोलतात, की प्रविणला रोह्याला स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं, दाजींनी अडवलं, म्हणून त्याने मुद्दाम गाडी निकेशच्या अंगावर घातली. तुझ्या दाजींनी पोलिसांतही तसंच लिहून दिलंय. मंगळवारी तुझा जबाब. तू तिथेही "माझी चूक झाली" एवढंच म्हणशील, मला माहीत आहे. तुरुंगात जाशील पण पुढे बोलणार नाहीस.

म्हणून आता मागचं लिहिते.

आपल्या गॅरेजात आलेली, अलिबागच्या साहेबांची ती दोन शिटांची, जुनी लाल गाडी. दुसरा गिअर टाकावा तर चौथा पडायचा. तुझे दाजी म्हणत होते गिअरबॉक्सच उतरवा. तू खाली सरकलास आणि मला आत बसवलंस.

"ताई, सायबीण दिसतेस गो. पहिला टाक."

टाकला.

"दांडी हलली, खाली सळी नाय हलली. परत टाक. हळू."

दहादा टाकला असेन. मग तू खालूनच हसलास. "गिअरबॉक्स ठणठणीत हाय. दांडीपासून मागं सळी जाते ना, तिच्या सांध्यातलं बुश झिजलंय. दाजींना आपण सांगतो एक, ऐकतात भलतंच, तसं झालंय हिचं."

सळी काढण्याआधी तू खडूने दोन रेघा मारल्यास. एक सळीच्या टोकावर, एक गिअरबॉक्सच्या बाजूला. "या समोरासमोर आल्या पायजेत ताई. बोटभर जरी फिरली तर पहिल्याच्या जागी रिव्हर्स पडंल." हे तू मला सांगितलंस. दुसऱ्या कुणाला नाही.

खंडेनवमीला मी सगळी हत्यारं धुतली. काळं तेलकट देवापुढे मांडवेना. काढून ठेवलेली सळीही चिंचेने घासली. खडू गेला तेव्हाच चिंच टाकून दिली. पूजा झाल्यावर अंदाजाने त्याच जागी कुंकवाची रेघ ओढली. देवाचं नाव घेऊन ओढली, तेव्हा बरोबरच असणार असं वाटलं. गॅरेजच्या वहीत त्या दिवशी मी "पूजा, काम बंद" इतकंच लिहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवं बुश बसवून तू सळी हातात घेतलीस. "खडू पुसून कुंकू? रेघ त्याच जागी हाय ना गो?"

तुझे दाजी शेजारी उभे होते. गाडीच्या सामानाला हात लावलास तर हात तोडीन, असं गेल्या वर्षी त्यांनी मला बजावलं होतं. मी "व्हय" म्हटलं.

तू म्हणालास, जॅकवर चाकं फिरवून बघू. ते म्हणाले, "सायेब येऊन बसलाय. उतरव आणि काढ." तू पहिला टाकलास. गाडी मागे उसळली. मागे निकेश वाकून फडकं मारत होता, त्याच्या मागे भिंत. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला.

मग दाजींनी तुझं मनगट वाईसच्या लोखंडी जबड्यात घालून आवळलं आणि जॅकचा दांडा उचलला. पहिल्या घावाला मला सगळं कळलं. दुसऱ्याला तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, थेंबभर चहा सांडला नाही. तिसराही मी पडू दिला. हाड कातडीबाहेर आलं. नंतर वाईसवरचं रक्त मीच धुतलं, चिंच लावून.

तू माझं नाव घेतलं नाहीस. अजून घेतलेलं नाहीस.

न्हाणीत पाय घसरला नाही. गुरुवारी दुपारी तुझे दाजी पानावर बसले असताना मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "भावासाठी खोटं रचतेस." पुन्हा सांगितलं तेव्हा ताट भिंतीवर गेलं. माझी डावी बोटं चौकटीत धरून दार लोटलं. दोनदा. मग धुऊनही ग्रीस न सुटणाऱ्या पंजाने माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं. "पुसायची हौस ना तुला? घे."

निकेश खाटेवरून बघत होता. "वयनी," तो म्हणाला, "रेघ तू वढलीस?"

मी "व्हय" म्हटलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

गाडी पोलीस ठाण्यामागे ताडपत्रीखाली उभी आहे. मंगळवारी तू पेणला ये, मी ठाण्याच्या दारात असेन. तू काही बोलू नकोस. फौजदारांना मीच खाली वाकून बघायला सांगेन. खडूची आणि कुंकवाची रेघ समोरासमोर दिसतील. चाकं उचलून पहिला टाकला तर ती उलटी फिरतील. सळी बोटभर फिरवली की सरळ. एवढं तूच मला शिकवलंयस.

मी दारात दिसले नाही, तर हे पत्र आत दे. त्यासाठीच खाली पूर्ण नाव लिहिते.

तुझ्यावर तीन घाव पडेपर्यंत उभी राहिलेली,
तुझी ताई
अनिता नाथा म्हात्रे