आभाळी

२ सप्टेंबर
शिरडच्या पुढच्या टेकडीखाली, गवतात, एक निळं-जांभळं फूल. करंगळीच्या नखाएवढं! पोचलो तेव्हा बारा वाजून गेलेले, फूल मिटलेलं. जन्मभर पेपरात रात्रपाळी केली — सकाळ अजून जमत नाही.

घरी येऊन बायकोला, पद्मजाला सांगितलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. काचबिंदूने गेल्या दिवाळीत दुसरा डोळाही गेला, तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. मीही तो विषय काढत नाही. निदान एका फुलाचं नाव तरी तिने पूर्वीसारखं ठणकावून सांगावं!

"कुठून उगवलंय?"

"विंचवाच्या नांगीसारखा हिरवा गुच्छ आहे, त्यातून."

"पाकळ्या?"

"चार-पाच असतील."

"असतील? बातमीत चालायचं का असं?"

५ सप्टेंबर
आठला पोचलो. उघडं होतं! पाकळ्या तीनच. सहा केसर, आणि प्रत्येकावर निळी लव. भिंगातून पाहतच राहिलो. एवढ्याशा जागेत एवढी कारागिरी! आणि अशी फुलं माळभर.

पालथा पडून बघत होतो. शेळ्या घेऊन केशरबाई आल्या. "काहून पडले साहेब? चक्कर आली का?"

"फूल बघतोय."

"मंग सरका की जरा. माझ्या शेळीचा नाष्टा दाबून राहिले तुमी!"

पद्मजा ऐकून मोठ्यांदा हसली. किती दिवसांनी! नाव मात्र सांगेना. "लव मऊ की राठ?" माझ्या बोटांना कळलंच नव्हतं.

६ सप्टेंबर
एक फूल ओल्या रुमालात, डब्यातून आणलं. घरी उघडलं — नुसता निळा ओघळ. पद्मजा त्यात बोट टेकवून बसली. "दुपारपर्यंतच असतं ते."

"मग तूच चल."

तिने बोट पदराला पुसलं. मग, "चप्पल कुठंय माझी?"

७ सप्टेंबर
स्कूटरवरून गेलो. माळावर माझा खांदा धरून चालली. गुडघे टेकले, वाकली, आणि बोटांनी नाही — ओठांनी फूल चाचपलं. मी हललो नाही. केशरबाईंनी शेळ्या लांबून वळवल्या.

"रेशमापेक्षा मऊ," पुटपुटली. "इतकी वर्षं पोरांना भिंगातून दाखवली ही लव. ओठाला कधी लावली नव्हती. आभाळी आहे ही!"

भोवती सगळा माळ निळा. वेळेत मजकूर देणारा माणूस मी, आज पुढे काही सुचत नाही.

८ सप्टेंबर
चहा घेताना म्हणाली, "नाव पहिल्याच दिवशी कळलं होतं. नांगी म्हणालात, तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही 'चल' कधी म्हणता, ते बघत होते."